वाघ दिसला नाही

दादा हे वाचणार हे मला माहीत आहे. मावशीही वाचणार, आणि मग संध्याकाळी आईला फोन करून "तुझी लेक फारच फटकळ झालीय गं" असं म्हणणार. तरीही लिहिते, कारण गेले तीन आठवडे हे डोक्यात घोळतंय आणि तोंडी सांगायला गेलं की भांडण होतं. लिहिताना निदान मधेच कोणी तोडत नाही.

तर झालं असं. मे महिन्याच्या सुट्टीत माझा मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं नाशिकहून आमच्याकडे आली होती. आमची दोन धरून चार मुलं. घरात चार मुलं आणि बाहेर पुण्यातलं मे महिन्यातलं ऊन, म्हणजे तिसऱ्या दिवशी मोठ्या माणसांची डोकी फिरायला लागतात. "चला, रविवारी कात्रजला प्राणी बघायला जाऊ," असं मीच म्हटलं. मीच. हे आधीच कबूल केलेलं बरं.

आणि नुसतं म्हटलं असतं तरी ठीक होतं. पुढचे चार दिवस मी माझ्या धाकट्याला (वय वर्षं सव्वाचार) जेवताना, आंघोळ घालताना, झोपवताना एकच आमिष दाखवत होते. पोळी संपव, मग वाघ बघायचाय. तो आपल्याला बघून केवढ्यांदा डरकाळी फोडेल, माहितीये? वाघाशी माझं काही बोलणं झालेलं नव्हतं. पण मी त्याच्या वतीने शब्द देऊन टाकला.

रविवारी आवरून निघेपर्यंत अकरा वाजले. गाडी लावून, तिकिटं काढून आत शिरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. साप, मगरी, हरणं भराभर झाली. हरणं मुलांना आवडली, पण पाचच मिनिटं, कारण "वाघ कुठेय?" हे पालुपद सुरूच होतं. गव्यापाशी लेक पाटी मोठ्याने वाचत होती. दुसऱ्या ओळीपर्यंत आली आणि आम्ही सगळे पुढे निघून गेलो. बिचारी पळत मागून आली. बिबट्या झाडाआड होता. धाकट्याने भोकाड पसरलं.

तेव्हा मी काय केलं ते सांगते. मी त्याला कडेवर घेतलं, वर उचललं, आणि टाळ्या वाजवल्या. तोंडाने "च्यक च्यक" केलं, गल्लीतल्या मांजराला करतात तसं. बिबट्याने ढुंकूनही बघितलं नाही, ही गोष्ट वेगळी. पुढे दादाबद्दल जे लिहिणार आहे ते वाचताना हे लक्षात असू द्या.

वाघापाशी ही गर्दी होती. खंदकाच्या अलीकडे तीस-चाळीस माणसं, पलीकडे झाडी, आणि झाडीच्या सावलीत नीट पाहिलं तर पाठीचा एक पट्टेरी तुकडा. अधूनमधून कान हलत होता. बस्स. एवढ्यावर लोकांचं समाधान होईना. "ए वाघोबा!" "उठ की रे!" "अय, इकडे बघ!" एका कॉलेजच्या मुलाने मोबाइलवर वाघाच्या डरकाळीचा व्हिडिओ लावला आणि आवाज पूर्ण वाढवून फोन कठड्याबाहेर धरला. सगळे हसले. कोणीतरी खाऊन झालेलं कणीस भिरकावलं, ते खंदकात पडलं. आणि मग दादाने तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

दादाच्या शिट्टीबद्दल बाहेरच्यांना सांगायला हवं. ही शिट्टी आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशावरून ऐकू जाते. लहानपणी आम्ही सगळी भावंडं ती शिकायचा प्रयत्न करून थुंकी उडवत बसायचो. त्यामुळे ती ऐकली की मला एरवी आनंदच होतो.

वाघ उठला. आमच्याकडे एकदा बघितलं. डरकाळी वगैरे काही नाही. वळला आणि आणखी आत, पार दिसेनासा झाला. गर्दीतून "शीऽऽ" असा आवाज आला, नाटकात पडदा मधेच पडल्यावर येतो तसा. दादाचा मुलगा म्हणाला, "बाबा, पैसे परत मागा ना." आणि दादाने पुन्हा बोटं तोंडात घातली.

मी ओरडले. "बास कर रे दादा! झोपू दे त्याला!" जितक्या मोठ्याने म्हणायचं होतं त्यापेक्षा बऱ्याच मोठ्याने. चाळीस लोकांनी वाघाऐवजी आमच्याकडे बघितलं. (एवढ्या गर्दीत शेवटी बघायला काहीतरी मिळालं.) दादा एक शब्द बोलला नाही. परत येताना उसाचा रस पितानाही बोलला नाही. नाशिकला पोचल्यावर मावसभावंडांच्या ग्रुपवर त्याने लिहिलं: "कात्रजला काही नाही. वाघ दिसला नाही. अख्खा दिवस वाया. आपलं पेशवे पार्क बरं होतं, सगळे प्राणी समोर दिसायचे."

खाली अकरा अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा.

माझं भांडण त्या वाक्याशी आहे. दादाशी नाही. (दादाशीही थोडं आहे.)

पेशवे पार्क मलाही आठवतं. आम्ही फुलराणीत बसलोय, हातात भेळ आहे, सगळं आठवतं. तिथलं प्राणीसंग्रहालय महापालिकेने १९५३ साली सुरू केलं, जागा जेमतेम सात एकर. कात्रजची जागा १३० एकर, त्यातला ४२ एकर तलाव. १९९९ साली ते सुरू झालं आणि पुढे पेशवे पार्कातले प्राणी तिकडे हलवले. म्हणजे आमच्या लहानपणी प्राणी "समोर दिसायचे" याचं कारण सरळ आहे. त्यांना आड जायला जागा नव्हती. त्या काळच्या बहुतेक प्राणीसंग्रहालयांत तेच होतं, गज आणि फरशी. सिंह सतत चालताना दिसायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, वळायचा, परत. आम्हाला वाटायचं तो रुबाबात फिरतोय, आपल्यासाठी. आता कळतं की त्या येरझाऱ्यांना काय म्हणतात. २००३ साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिलं की जंगलात ज्या मांसाहारी प्राण्यांचा वावर मोठ्या प्रदेशात असतो, तेच बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतात आणि त्यांचीच पिल्लं जास्त दगावतात. आपण ज्याला "मस्त ॲक्टिव्ह होता" म्हणतो ते बऱ्याचदा हे असतं. आणि सावलीत पाठ करून झोपलेला, ज्याचा फक्त कान दिसतो, तो वाघ बहुधा बरा असतो.

मग वाया काय गेलं?

आता वेळेबद्दल. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास पडून असतो. वाघ-बिबट्यांची हालचाल मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. आपण जातो दुपारी साडेबाराला, कारण सकाळी पोहे व्हायचे असतात. ज्या शहरात दुपारी एक ते चार कोणाच्या दाराची बेल वाजवायची आपली टाप नसते, ज्या शहराने वामकुक्षीवरून होणारे सगळे विनोद अभिमानाने अंगावर मिरवलेत, त्याच शहरात येऊन आपण एका मांजरकुळातल्या प्राण्याला भर दुपारी शिट्ट्या मारून उठवतो. पुणेकरांनी तरी हे करू नये. नाशिककरांचं मी काय बोलू!

दादाचं उत्तर मला पाठ आहे, कारण फोनवर तो ते तीनदा म्हणाला. "मग पिंजऱ्यात ठेवूच नका ना. ठेवलंय ते दाखवायलाच ठेवलंय. तिकीट कशाचं घेतात?"

हा मुद्दा फालतू नाही, आणि मी तो उडवून लावणार नाही. रात्री झोप येत नाही तेव्हा मलाही वाटतं की ठेवूच नये. पण जो वाघ प्राणीसंग्रहालयातच जन्मला त्याला उद्या ताडोबात सोडून या म्हणणं म्हणजे त्याला मारणंच आहे. आणि काही प्राणी असल्याच जागांमुळे उरलेत हेही खरं. मंगोलियातला रानघोडा जंगलातून पार संपला होता. प्राणीसंग्रहालयांत उरलेल्या थोड्या घोड्यांच्या वंशजांना १९९२ पासून परत तिथल्या गवताळ प्रदेशात सोडलं. दार्जिलिंगच्या प्राणीसंग्रहालयात जन्मलेल्या दोन रेड पांडा माद्या २००३ साली सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. जुनागढचं सक्करबाग १८६३ पासून आहे आणि गीरच्या सिंहांची पैदास तिथे होते. सगळीच प्राणीसंग्रहालयं असं काही करत नाहीत, मान्य. पण तिकीट कशाचं, या प्रश्नाचं उत्तर "उठून बसलेल्या वाघाचं" हे नक्कीच नाही. दवाखान्याला देणगी दिली म्हणून आपण वॉर्डात जाऊन पेशंटला नाचायला सांगत नाही.

आणि नुसतं "दाखवायला" ठेवलं की काय होतं याचंही उदाहरण आहे. पांढरा वाघ. मुलं तर मुलं, मोठी माणसंही त्याला बघून वेडी होतात. ही वेगळी जात नाही. जगभरच्या प्राणीसंग्रहालयांतले जवळजवळ सगळे पांढरे वाघ १९५१ साली रेवा संस्थानच्या जंगलात पकडलेल्या एकाच बछड्याचे, मोहनचे, वंशज. पांढरी पिल्लं मिळावीत म्हणून पुढे मोहनचा संबंध त्याच्याच मुलीशी आणला गेला, आणि नंतरही नात्यातल्या नात्यात पैदास चालू राहिली. कित्येकांचे डोळे तिरळे असतात. वाघांच्या भल्याचा यात काही संबंध नाही. लोकांना बघायला आवडतो, म्हणून आहे.

आई सांगते, तिच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन दारात यायचा. मूल भित्रं असेल तर त्याला अस्वलाच्या पाठीवर बसवायचे, अस्वलाचा केस ताईतात घालायचे. अस्वल दोन पायांवर उभं राहायचं, कारण नाकातून दोरी होती. तो प्रकार कायद्याने बंद झाला आणि २००९ मध्ये देशातलं शेवटचं नाचरं अस्वल सोडवलं गेलं असं जाहीर झालं. चांगलं झालं. दरवेशी गेला, दोरी गेली, अस्वलाला मातीची जमीन आणि झाड मिळालं. प्रेक्षक मात्र आपण तोच ठेवला. तो अजून दारात उभा आहे, चार आणे हातात घेऊन, "नाचव की" म्हणत.

"अगं, एवढंसं काय त्यात, एक शिट्टी तर मारली," असं वहिनी म्हणाली. वहिनीवर माझा जीव आहे, पण नाही. एक तर तो गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात ३८जे नावाचं कलम आहे. प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्याला चिडवणं, इजा करणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं आणि तिथे कचरा टाकणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे त्या दिवशी त्या कठड्यापाशी आम्ही निम्मं कलम पूर्ण केलं. दुसरं म्हणजे, शिट्टी एकट्या दादाची नव्हती. तीस-चाळीस माणसं, आणि रविवारभर अशा किती टोळ्या येत असतील. प्रत्येकाची एकच.

सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणीसंग्रहालयात एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला ते आठवत असेल. त्याचा व्हिडिओ घराघरात फिरला, मी तो पूर्ण बघू शकले नाही. तेव्हाच्या बातम्यांत प्रत्यक्षदर्शींनी सांगितलं होतं की वाघ बराच वेळ नुसता त्याच्यासमोर होता. वरून लोकांनी आरडाओरडा केला, दगड मारले, आणि मग वाघाने त्याला मानेला धरून नेलं. लोक त्याला वाचवायलाच बघत होते, हे मला समजतं. पण घाबरलो तरी आरडाओरडा, आनंद झाला तरी आरडाओरडा, कंटाळा आला तरी आरडाओरडा. प्राण्यासमोर उभं राहिल्यावर आपल्याला दुसरं काही करताच येत नाही का?

मुलांच्या शिक्षणासाठी नेतो, असं आपण सगळे म्हणतो. काय शिकली ते सांगते.

दादाची मंडळी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आबा (माझे सासरे) जेवून नेहमीसारखे दिवाणावर आडवे झाले होते, भिंतीकडे तोंड करून. धाकटा समोर जाऊन उभा राहिला. टाळ्या वाजवल्या. "ए! ए! उठ! इकडे बघ!" आबा हलले नाहीत. मग त्याने "च्यक च्यक" केलं, थेट माझ्यासारखं. मग उशी फेकून मारली आणि म्हणाला, "उठ ना! काहीतरी कर!"

आम्ही सगळे खूप हसलो. आबाही उठले, डरकाळी फोडली, त्याच्यामागे धावले. हे मी विनोद म्हणून दोन मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. रात्री भांडी घासताना मात्र ते सारखं डोळ्यासमोर यायला लागलं. आबांना जानेवारीत ॲटॅक येऊन गेलाय. झोपू द्यायचं असतं हे धाकट्याला घरात रोज सांगितलं जातं, आणि तो ते पाळत होता. एका रविवारात ते पुसून गेलं. आणि ते "च्यक च्यक" दादाचं नव्हतं.

म्हणून मी दादाला ओरडले ते चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, पण त्याच्या मुलांदेखत ओरडले ते चुकलं. त्याची माफी मी फोनवर मागितली आहे, इथेही मागते. मुद्दा मागे घेत नाही.

मागच्या शनिवारी मुलांना घेऊन मी परत गेले. तिघंच. उघडायच्या वेळेला पोचलो. आधीच सांगून टाकलं होतं की आज तीनच प्राणी बघायचे आणि कोणी दिसलं नाही तर नाही. लेकीने पहिला गवा निवडला, कारण तिची ती पाटी वाचायची राहिली होती. या वेळी पूर्ण वाचली, मग धाकट्याला समजेल अशी परत सांगितली. आम्ही तिथे पाऊण तास होतो. पहिली दहा मिनिटं भयंकर गेली, खोटं कशाला सांगू. धाकटा "चल ना, चल ना" करत माझा कुर्ता ओढत होता. मग एक कावळा येऊन गव्याच्या पाठीवर बसला. गव्याने कातडी थरथरवली, कावळा उडाला, परत बसला. असं सात वेळा, धाकट्याने मोजलं (त्याला आठपर्यंतच खात्रीने येतात, त्यामुळे कावळ्याने वेळेवर थांबवलं म्हणायचं). मग गवा रवंथ करायला बसला आणि लेकीने गळ्यातून घास वर येताना पाहिला. पुस्तकात वाचलेलं खरंच असतं याचा तिला केवढा धक्का बसला होता! घरी येऊन तिने ते आबांना करून दाखवलं, केळं खाऊन. तो भाग मी इथे लिहीत नाही.

तलावाकाठी पाणकावळे पंख पसरून वाळवत बसले होते. त्यांना ना खंदक, ना पाटी, म्हणून त्यांच्याकडे कोणीच बघत नाही.

वाघाकडे गेलो. दिसला नाही. आज कान पण नाही. पाच मिनिटं थांबलो. शेजारी एक कुटुंब आलं, त्यातल्या आजोबांनी कठड्यावर काठी आपटायला सुरुवात केली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं का? अजून ठरलेलं नाही. परक्या माणसाच्या आजोबांना त्यांच्या नातवंडांसमोर कसं सांगायचं हे मला येत नाही, आणि आपल्या माणसांना सांगायचंही फारसं येत नाही हे तर तुम्ही वाचलंतच. धाकट्याने माझा हात धरला आणि विचारलं, "हे आजोबा असं का करतायत?" ते आजोबांना ऐकू गेलं. काठी थांबली. मग आम्ही तिथून निघालो, कारण मला फार ओशाळल्यासारखं झालं.

दादा, दिवाळीत याल तेव्हा परत जाऊ. बुधवार सोडून, बुधवारी बंद असतं. सकाळी लवकर निघायचं, पोहे आल्यावर करीन. वाघ दिसेल असं मी कोणालाही सांगणार नाही, तूही मुलांना सांगू नकोस. आणि शिट्टी भाऊबीजेला मार, मला शिकायचीच आहे अजून.